वीस हातांच्या वर

पहाटे पावणेचारला घोरपड उठायची. गजर लावलेला नसायचा. गुडघेच उठवायचे. आधी डावा ठणकायचा, मग उजवा, आणि दोघांची कुरबुर सुरू झाली की पडून राहण्यात काही अर्थ उरत नसे. चुलीवर चहाचं पाणी ठेवायचं, कालचा भात कोमट करायचा, कुऱ्हाडीला दगडावर दोन्ही बाजूंनी दहा-दहा हात द्यायचे आणि साडेचारला दाराला कडी.

इतक्या लवकर कशाला, असं विचारणारे लोक राळेच्या झाडाखाली कधी उभे राहिलेले नसतात. रात्रीच्या गारव्यात राळ कडक होते. पहाटे कुऱ्हाडीची बोथट बाजू लावली की खडा काचेसारखा टक्कन सुटतो, अख्खा. दहा वाजता तोच खडा ऊन खाऊन मऊ पडतो, बोटांना चिकटतो, टोपलीत शेजारच्याला चिकटतो आणि गोदामात त्याचा भाव निम्मा होतो. हे तिला बापानं सांगितलं होतं, आणि बाप फारसं काही सांगणाऱ्यातला नव्हता.

तिचं खरं नाव कागदांवर होतं. बाकी सगळे घोरपड म्हणायचे, कारण ती खोडाला तशीच चिकटायची. नाव ठेवलं होतं चिडवायला. पण चिडवणारे एकेक करून झाडावरून उतरले. कुणी कारखान्यात गेला, कुणाची कंबर गेली. ती अठ्ठावन्नाव्या वर्षीही वरच होती. आता त्याच नावानं लोक तिला मानानं हाक मारायचे.

झाडं सव्वीस. बापानं तरुणपणी उतारावर लावलेली. ती सत्ताविसाव्या वर्षी नवरा वारल्यावर माहेरी परत आली, त्याच वर्षी बापाची पाठ गेली. धाकटा भाऊ एकोणीस वर्षांचा होता, अंगानं चांगला दणकट, पण पहिल्या खाचेवर पाय ठेवला की तो डोळे मिटून खोडाला मिठी मारायचा. तिसऱ्या खाचेवर तो रडायला लागला तेव्हा बापानं त्याला उतरवलं आणि पट्टा हिच्याकडे फेकला. बस, एवढाच तिचा नेमणुकीचा सोहळा.

पट्टा वेताचा. कमरेमागून निघून खोडाभोवती जाणारा. खोडाकडे झुकायचं, पट्टा सैल करायचा, वर उडवायचा, मागं रेलायचं, पाय उचलायचा. राळेच्या झाडाला शिडी लागत नाही. ज्या खाचांतून राळ येते त्याच पायऱ्या होतात. खाच मुठीएवढी, तिकोनी, तळ आतल्या बाजूला झुकता, म्हणजे राळ आतच साचते. महिनाभर साचू द्यायची, खडा काढायचा, खाचेची कड बोटभर ताजी करायची, पुढच्या खाचेवर जायचं. एका झाडाला तीस-बत्तीस खाचा, सगळ्या जमिनीपासून वीस हातांपर्यंत. त्यावर एकही नाही. वीस हातांच्या खाली आपलं, वर झाडाचं, असं बापाचं म्हणणं होतं. वरचं खोड बारीक असतं आणि वाऱ्याशी त्यालाच झुंजायचं असतं.

दिवसाला चार झाडं. सात दिवसांत फेरी संपायची. उरलेले तीन आठवडे ती व्यापाऱ्याच्या गोदामात राळ चाळायच्या मजुरीवर जायची. झाडांच्या उत्पन्नातला निम्मा वाटा भावाचा, कारण बापामागं जमीन त्याच्या नावावर झाली होती. त्याबद्दल तिनं कधी तोंड उघडलं नाही. जमीन त्याची, चढणं तिचं. तिच्या हिशेबी ते बरोबर होतं.

त्या दिवशी फेरीचा पहिलाच दिवस होता. पहिल्या झाडाला पट्टा घालताना तिच्या हाताला काहीतरी गुळगुळीत लागलं. कपाळावरच्या बॅटरीचा उजेड तिनं खोडावर धरला. छातीच्या उंचीवर तांबड्या रंगाचं कडं, खोडाभोवती पूर्ण फिरवलेलं. खाली आकडा, एक. तिनं दुसरं झाड पाहिलं. दोन. मग ती चालतच सुटली. तीन, चार, पाच. गोठ्यातल्या ढोरांना डाग द्यावेत तसे सव्वीसच्या सव्वीस खोडांना आकडे होते. रंगाला अजून वास येत होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. पट्टा खांद्यावर, कुऱ्हाड हातात, तशीच ती भावाच्या दाराशी गेली आणि दांड्यानं दार ठोठावलं.

"धाकट्या! दार उघड!"

दार भावजयीनं उघडलं. केस मोकळे, डोळ्यांवर झोप. "वन्सं? एवढ्या पहाटे? कुणाला काही झालं का?"

"झालं. तुझ्या नवऱ्याला रंगाचा डबा सापडलाय. बाहेर पाठव त्याला."

भाऊ चादर गुंडाळून आला. कुऱ्हाडीकडे बघून दोन पावलं आतच थांबला. "ताई, मी तुला सांगणारच होतो."

"कधी? झाडं आडवी झाल्यावर?"

"ओरडू नकोस. शेजारी उठतील."

"उठू देत. त्यांनाही रंगव."

"ताई, ऐकून तरी घे." तो उंबऱ्यावर बसला. "वखारवाला बघून गेला. लाकूड पसंत आहे त्याला. पंधरा दिवसांनी मोजमाप करायला येतोय. भाव चांगला देतोय, मला वाटला नव्हता इतका."

"कुणाच्या झाडांचा?"

"आता कागदावर तर..."

"कागदाला खाचा आहेत का रे? चढ बरं त्या कागदावर. बघू दे मला कुठपर्यंत जातोस."

भावजयीनं हसू दाबलं. भावाचा चेहरा उतरला, पण तो गप्प बसला नाही. पंप दुरुस्तीचं त्याचं दुकान होतं आणि ते बसत चाललं होतं. "आता कुणी पंप दुरुस्त करत नाही, ताई. जुना फेकतात, नवा आणतात. महिन्यात चार गिऱ्हाइकं येत नाहीत. टेम्पो घेतला तर भाडं मिळेल, घर चालेल. आणि मला सांग, तू अजून किती वर्षं चढणार? उतरताना तुझं तोंड बघितलंय मी. गुडघे गेलेत तुझे. पाच वर्षांनी कोण चढणार, मी?"

तो खोटं बोलत नव्हता. त्यामुळे ती जास्तच भडकली.

"मी काय करीन ते माझं मी बघीन. तू झाडांना हात लावायचा नाहीस."

"हात तर तू लावून ठेवलायस," भाऊ म्हणाला. आता त्यालाही चेव आला होता. "वखारवाला काय म्हणाला माहीत आहे? खालचं वीस हात खोड खाचांनी वाया गेलंय, ते जळणात जाईल. नशीब, वरचं चौदा हात सरळ आहे, एक गाठ नाही. सगळा पैसा त्या वरच्या लाकडाचा. त्यातलं तुलाही काहीतरी देईनच ना मी."

"काहीतरी," ती म्हणाली. "एकतीस वर्षं ऊन-वाऱ्यात लटकले त्याचं काहीतरी. ठेव तुझ्यापाशी. टेम्पोला हॉर्न बसव."

त्या दिवशी ती चढली नाही. रागात झाडावर जायचं नसतं. ती सरळ गोदामात गेली आणि न विचारता एक चाळणी पुढ्यात ओढली.

गोदाम म्हणजे पत्र्याची लांब शेड. छताला दोरीनं टांगलेल्या आठ चाळण्या, प्रत्येकीपाशी एक बाई, नाकातोंडावर फडकं. चाळणी पुढंमागं झुलवायची. मोठे खडे वर राहतात, ते पहिल्या प्रतीचे, वार्निश करणाऱ्यांकडे जातात. मधले रंगवाल्यांकडे. बारीक चुरी होड्यांच्या फटी बुजवायला. आणि सगळ्यात खाली पिवळा भुगा, जो कुणालाच नको असतो आणि बायकांच्या छातीत जाऊन बसतो. चाळणी हलक्या हातानं झुलवली तर खडा खडाच राहतो. हिसके दिले तर खडे एकमेकांवर आपटतात आणि चांगल्या मालाचा भुगा होतो.

घोरपड हिसके देत होती.

शेजारच्या चाळणीवर तिची जुनी मैत्रीण होती. चाळीस वर्षं त्याच एका जागी बसल्यामुळे तिला सगळे चाळणवालीच म्हणायचे. तिनं थोडा वेळ बघितलं, मग तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

"घोरपडे, काय चाललंय? तुझ्या चाळणीखाली सगळा भुगाच पडतोय. मुकादमानं बघितलं तर तुलाच चाळून काढील."

घोरपडीनं सगळं सांगितलं, हात न थांबवता.

"मग तू विकत घे," चाळणवाली म्हणाली. "गुडघ्यांच्या ऑपरेशनचे जमवलेत ना इथल्या मजुरीतले, अकरा वर्षांचे? ते दे तोंडावर फेकून."

"लाकडाच्या भावात? त्यात चार झाडं नाही यायची. वरचं लाकूड एकदम चोख आहे म्हणे. त्याचाच सगळा भाव."

"अगं, मग वरचंही खराब करून ठेव की!" चाळणवाली खो खो हसली. "जन्मभर भोकं पाडण्याशिवाय तुला दुसरं येतं तरी काय?"

तिनं ते गमतीनं म्हटलं आणि फडकं परत नाकावर ओढलं. घोरपडीची चाळणी मात्र थांबली. दोरीला धरून ती तशीच उभी राहिली. पलीकडून मुकादम ओरडला, "काय मावशी, झोप लागली का?" तरी ती हलली नाही.

घरी जाऊन तिनं एक अख्खा दिवस विचार केला. वीस हातांच्या वर जायचं म्हणजे बापाचा शब्द मोडायचा. वरचं खोड दोन हातांच्या कवेत मावेल एवढं. तिथं खालच्यासारख्या खाचा पाडल्या तर झाड टिकणार नाही, आणि झाडच राहिलं नाही तर सगळा खटाटोप कशासाठी? म्हणजे खाच चार बोटांपेक्षा खोल नको. प्रत्येक खाच आधीच्या खाचेच्या जरा बाजूला, खोडाभोवती फिरत फिरत वर जाणारी. दीड-दीड हातावर एक. चौदा हातांत नऊ. सव्वीस झाडांच्या दोनशे चौतीस. एका खाचेला पट्ट्यावर लटकून दहा मिनिटं. फळी कापणाऱ्याला सलग दोन हात लाकूड मिळता कामा नये, आणि झाडाला कळताही कामा नये. तिनं बोटांवर पुन्हा मोजलं. दिवसाला तीन झाडं घेतली तर नऊ दिवस. वखारवाल्याला यायला तेरा होते.

दुसऱ्या पहाटे ती विसाव्या हाताच्या खाचेवर उभी राहिली आणि पट्टा वर उडवला.

वर पायऱ्या नव्हत्या. एक खाच पाडायची, तीत पाय ठेवता येण्याइतकी होईपर्यंत दोन्ही गुडघे खोडाला आवळून धरायचे, मग चढायचं, पुन्हा तेच. खाली असताना गुडघे ठणकतात, इथं ते किंचाळत होते. कोऱ्या सालीवर पट्टा घसरायचा. मनगट भरून यायचं. आणि प्रत्येक घावाला ती बोलत होती, खाली ऐकू जाणार नाही एवढ्या आवाजात. हा घे टेम्पो. हे घे काहीतरी. हा घे कागद. राग घावात उतरला तरी हात मोजकाच पडत होता. चार बोटं म्हणजे चार बोटं. दहाव्या झाडापर्यंत तिनं एकही खाच वाकडी पाडली नाही.

अकराव्या झाडाखाली भावजय आली. उन्हं वर आली होती. तिनं मान मागं टाकून वर बघितलं आणि पदर डोक्यावर घेतला.

"वन्सं, खाली या! पडाल!"

"पडले तर तुझ्या अंगावर पडणार नाही. बाजूला हो."

"लोक काय म्हणत असतील? या वयात माकडासारखं झाडाच्या शेंड्यावर! शोभतं का तुम्हाला?"

"तुझ्या नवऱ्याला विसाव्या वर्षी शोभलं नाही, म्हणून मला शोभवून घ्यावं लागलं."

"ते तुमची काळजीच करतात. रात्री म्हणत होते, ताईला आयुष्यभर फुकट राहायला खोली दिलीच ना, अजूनही राहू दे तिला..."

वरून घाव आला. मग आणखी एक, लगेच, जोरात. फुकट. खोली बापानं राळ ठेवायला बांधली होती, तिचं छप्पर हिनं दोनदा बदललं होतं. निम्मी राळ एकतीस वर्षं त्या घरात गेली होती. फुकट! ती पट्ट्यावर खोडाच्या पलीकडे फिरली आणि तिकडून हाणलं. साल उडाली, पांढरं लाकूड उडालं, भावजय कपाळावर हात मारून निघून गेली, तरी ती हाणत होती.

मग तिनं कुऱ्हाड थांबवली आणि बघितलं.

दोन खाचा समोरासमोर होत्या. एकाच उंचीवर, खोडाच्या दोन बाजूंना, आणि दोन्ही चार बोटांपेक्षा खोल. राळ काढणारं पोरसुद्धा अशी खाच पाडत नाही. चढायला शिकवायच्या आधी हेच शिकवतात, की एका उंचीवर समोरासमोर कधी नाही. मध्ये उरलेलं लाकूड वाऱ्यात पिळवटतं. बापानं या एका चुकीसाठी तिच्या पाठीत धपाटा घातला होता, आणि तेव्हा ती नुसती हात उगारत होती, घाव पडलाही नव्हता.

पाडलेली खाच बुजवता येत नाही. दोन्ही खाचांतून राळ यायला लागली होती, पातळ, पाण्यासारखी. मग ती उतरली आणि बाराव्या झाडाला पट्टा घातला. याबद्दल ती कुणाशीही बोलली नाही.

नवव्या दिवशी सव्विसावं झाड झालं.

वखारवाला ठरल्या दिवशी आला. पोट सुटलेला, गळ्यात टेप, सोबत वही धरलेला एक माणूस. भाऊ नवे कपडे घालून पुढं. घोरपड पहिल्या झाडाला टेकून बसली होती, मांडीवर पट्टा. वखारवाल्यानं मान वर केली आणि तशीच ठेवली. खोडाभोवती फिरत फिरत, फांद्यांपर्यंत, ताज्या खाचांतून राळेच्या पांढऱ्या धारा उतरल्या होत्या. दुसरं झाड तसंच. तिसरंही.

"हे काय आहे?" त्यानं भावाला विचारलं.

भाऊ या झाडापासून त्या झाडापाशी पळत सुटला.

"राळ," घोरपड म्हणाली.

"ते दिसतंय. वर कुणी पाडल्या या?"

"मी. राळ काढणं हाच माझा धंदा. तुमचा कापायचा, तसा माझा हा."

वखारवाल्यानं तिच्याकडे नीट बघितलं. तिचे गुडघे, तिचे हात, मग पुन्हा वर. "बाई, तुमचं वय काय?"

"तुम्हाला मला कापायचंय का?"

वहीवाला हसला. वखारवालाही हसला, पण टेप त्यानं गळ्यातून काढली आणि खिशात घातली. परत आलेल्या भावाला तो म्हणाला, "यातून फळी निघत नाही. एकही नाही. तोडणावळ आणि वाहतूक वजा जाता जळणाचा भाव देईन, पाहिजे तर."

"पण तुम्ही म्हणाला होतात..."

"मी लाकडाबद्दल म्हणालो होतो. ही चाळणी आहे."

भाऊ बहिणीकडे वळला. "जळणात घालीन," तो म्हणाला. "एकेक झाड जळणात घालीन, पण तुला ठेवणार नाही. मुद्दाम केलंस तू. माझ्या पोराबाळांच्या तोंडातला घास..."

"मुद्दामच केलं. चुकून चौदा हात चढता येत नाही." ती झाडाला धरून उठली, नुसतं उठायलाच तिला वेळ लागला. "जळणाचा भाव याला देतोस तो मला दे. तोडणावळ नाही, वाहतूक नाही. तेवढे तुझ्या खिशात जास्त येतील. पैसे रोख."

"तुला? मेलो तरी नाही!"

तीन आठवडे तो तिच्याशी बोलला नाही. रस्त्यात दिसली तर दुकानाचं शटर अर्धं खाली ओढायचा. वखारवाल्यालाही त्यानं होकार कळवला नाही, कारण जळणाच्या त्या भावात अर्धाही टेम्पो आला नसता. घोरपड गोदामात चाळत राहिली. वरच्या खाचांतली पहिली राळ काढायची वेळ झाली होती, पण ती चढली नाही. विकत मिळाल्याशिवाय वरच्या एका खड्यालाही हात लावायचा नाही, असं तिनं ठरवलं होतं. याला कुणी हट्ट म्हणेल. तिच्या लेखी तो नुसता हिशेब होता.

मग एका दुपारी जोराचं वारं सुटलं. तासभरच. गोदामाचे पत्रे वाजले, दोन चाळण्या दोऱ्यांसकट फिरल्या. वारं पडल्यावर ती चाळणी टाकून उताराकडे निघाली. कुठं जायचं ते तिला माहीत होतं.

अकरावं झाड सव्वीस हातांवर मोडलं होतं. मोडलं म्हणजे पिळून तुटलं होतं. टोकाला पांढऱ्या चिरफाळ्या उभ्या होत्या. सगळा शेंडा पायवाटेवर आडवा पडला होता, आणि शेंडा गेला की राळेचं झाड वाळतं. बाकीची पंचवीस उभी होती.

भाऊ तिच्या आधी पोचला होता. पडलेल्या खोडापाशी उकिडवा बसून तो तुटलेल्या जागेवरून बोट फिरवत होता. एका बाजूची अर्धी खाच, दुसऱ्या बाजूची अर्धी खाच. तो कधी तिसऱ्या खाचेच्या वर गेला नव्हता, पण बाप दोघांचाही होता आणि शिकवणीही दोघांनी ऐकली होती.

"समोरासमोर," तो म्हणाला. इतक्या दिवसांतला हा पहिला शब्द. "एका उंचीवर समोरासमोर पाडल्यास, ताई. तू."

ती वाकून शेंड्याची तुटलेली बाजू बघू लागली.

"झाडांना हात लावायचा नाहीस म्हणालीस मला. दारात येऊन कुऱ्हाड दाखवलीस. आणि हे कुणी केलं? वखारवाल्यानं? मला चढायची भीती वाटते म्हणून जन्मभर हसलीस ना मला? मी निदान आजवर एकही झाड मारलं नव्हतं." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि त्याचाही त्याला राग येत होता. "बाबांनी हातानं लावलेलं झाड."

तिला बोलायला पुष्कळ होतं. फुकट हा शब्द होता, भावजयीचं तोंड होतं, लाल रंग होता. पण घाव तिचे होते. कुऱ्हाड कुणाच्या बोलण्यानं चालली हे झाडाला विचारायचं नसतं.

"माझंच काम आहे ते," ती म्हणाली. "रागात केलं."

भाऊ उठला. गुडघ्यांवरची माती झटकली. दोघं त्या पडलेल्या शेंड्याच्या दोन बाजूंना उभे होते. मग तो म्हणाला, "घे बाई तू ही झाडं. माझ्याच्यानं आता बघवत नाही. उद्या दस्त लिहिणाऱ्याकडे ये. पण एक सांगतो, माझा राग गेलेला नाही."

"माझाही नाही," ती म्हणाली. "उद्या किती वाजता?"

दस्त लिहिणारा कचेरीबाहेरच्या पडवीत टेबल टाकून बसायचा. चष्मा दोरीनं बांधलेला, पुढ्यात टाइपरायटर. भाऊ एका खुर्चीवर, बहीण दुसरीवर, मध्ये भावजय उभी. एकमेकांकडे कुणी बघत नव्हतं.

"झाडं किती?" लिहिणाऱ्यानं विचारलं.

"पंचवीस," भाऊ म्हणाला.

"सव्वीस," घोरपड म्हणाली.

"एक पडलं ना, ताई. त्याचं तुझ्याकडून काय घ्यायचं?"

"ते माझ्या हातानं पडलं. त्याचेही धर. उभ्या झाडाच्याच भावानं."

"वन्सं, तुमच्या ऑपरेशनचे पैसे आहेत ते," भावजय हळूच म्हणाली. "कशाला उगाच..."

"उगाच काही नाही. मोजताना सव्वीस रंगवली होती ना तुम्ही?"

लिहिणाऱ्यानं भावाकडे बघितलं. भावानं मान हलवली. टाइपरायटर खडखडला. मग त्यानं वाचून दाखवलं: सव्वीस झाडं, त्यांपैकी एक मोडलेलं, खोडं सर्वत्र खाचा असलेली, लाकूड म्हणून निरुपयोगी.

"निरुपयोगी?" ती खुर्चीतून अर्धी उठली. "निरुपयोगी कुणाला म्हणता? एका झाडाची महिन्याची राळ किती निघते माहीत आहे तुम्हाला? पुसा ते!"

"बाई, ते लिहिलंय म्हणूनच हा भाव आहे," लिहिणारा वैतागून म्हणाला. "पुसलं तर लाकडाचा भाव लावावा लागेल. पुसू?"

ती परत बसली. दात आवळून, दोन्ही हात टेबलावर.

"राहू दे," ती म्हणाली. "पण लाकूड म्हणून, हे शब्द जरा ठळक करा."

तिनं कमरेची पिशवी सोडली आणि नोटांची पुडकी टेबलावर मांडली. नोटांच्या घड्यांत राळेची पिवळी पूड बसली होती, मोजताना लिहिणाऱ्याची बोटं पिवळी झाली. अकरा वर्षांच्या चाळणीच्या मजुरीत पंचवीस उभी झाडं आली आणि एक पडलेलं.